शाळेत अभंग म्हणावा का? एका चुकलेल्या फोटोची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि एक विनंती, पूर्ण वाचल्याशिवाय कमेंट करू नका.)

यंदा अधिक महिना आल्यामुळं आषाढी लांबली. २५ जुलैला एकादशी आहे. तरी आत्तापासूनच शाळांचे फोन सुरू झालेत. "दादा, दिंडीला या बरं का. मागच्या वर्षी तुम्ही लय भारी फोटो टाकला होता."

मागच्या वर्षीचा तो फोटो. त्याच्याबद्दलच लिहायचंय. वर्षभर लिहायचं टाळलं, पण आता लिहिल्याशिवाय यंदाच्या दिंडीला जाणं मला जमणार नाही.

२०२५ ला आषाढी एकादशी ६ जुलैला होती, रविवारी. मोहरमचा दहावा दिवस पण त्याच दिवशी. रविवार म्हणून बहुतेक शाळांनी दिंडी शनिवारीच काढली. आमच्या उमापूरच्या आसपासच्या दोन-तीन शाळांत मी गेलो होतो. आपल्याकडचं हे दृश्य तुम्हाला माहितीय. पोरांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, कपाळाला बुक्का, पोरी नऊवारीत, डोक्यावर प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस, पुढं एक विठ्ठल आणि एक रुक्मिणी. मागं टाळ कमी आणि मोबाईल जास्त.

एका शाळेत रुक्मिणी झालेली पोरगी अभंग म्हणत होती. चौथीतली. आवाज असा की गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. फोटो काढताना कळलं, ही तर माझ्या वर्गमित्राची पोरगी. मित्र मुसलमान आहे. आम्ही पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो.

मला आनंदच झाला. खरं सांगतो, मनात काही वाईट नव्हतं. फोटो टाकला आणि वर लिहिलं, मुस्लिम मुलीच्या मुखी विठ्ठलाचं नाव, हाच खरा महाराष्ट्र. दुसऱ्या दिवशी मोहरम पण होता, त्यामुळं बातमीला वजन आलं, असं मला वाटलं.

संध्याकाळपर्यंत शेअर सुरू झाले. माझ्या कोणत्याच बातमीला, पीकविम्याच्या नाही, रस्त्याच्या नाही, ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या हंगामी वसतिगृहाच्या पण नाही, एवढे शेअर कधी आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी रात्री मित्र गाडीवर घरी आला. आत आला नाही. अंगणातच म्हणाला, "फोटो काढ."

मी म्हणलं, "काढतो. पण वाईट काय लिहिलंय रे? चांगलंच लिहिलंय की."

"चांगलं लिहिलंस म्हणूनच तर झालं. नुसतं 'विद्यार्थिनी' लिहिलं असतंस तर कुणी दुसऱ्यांदा बघितलं पण नसतं."

मग त्यानं सांगितलं. शहरातल्या नातेवाइकांचे फोन आले, पोरीला काय शिकवायलास म्हणून. ओळख ना पाळख अशा लोकांनी फोटोखाली घाण लिहिली, दोन्हीकडच्यांनी. आणि एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला, पोरीचा सत्कार करायचाय, बॅनर छापायचंय, फोटो पाठवा. मित्र म्हणाला, "शिव्या देणाऱ्यांना ती बिघडलेली वाटली आणि सत्कार करणाऱ्यांना ती सुधारलेली वाटली. ती फक्त गात होती रे."

गाडी चालू करता करता म्हणाला, "काल मला विचारती, अब्बा, मैं गलत गाई क्या?"

मी फोटो काढला. पण तोपर्यंत तो माझ्या हातात राहिला नव्हता. पोरगी चार दिवस शाळेत गेली नाही. नंतर गेली, पण परिपाठाला पुढं उभी राहिली नाही.

पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला शिकवलं होतं, लहान मुलाची ओळख देताना दहा वेळा विचार करा. तो नियम मला गुन्ह्याच्या बातमीत पाठ होता. कौतुकाच्या बातमीला पण तो लागतो हे वयाच्या पंचेचाळिशीत कळलं.

काही दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. बोलता बोलता मी आपला जुना पत्ता टाकला. म्हणलं, "आपण नव्हतो का म्हणत शाळेत? शुक्रवारी पाटीवर सरस्वती काढायचो, नारळ फोडायचो, गणपतीत आरत्या म्हणायचो. तू तर बाकावर असला ठेका धरायचास की गुरुजी पण मान हलवायचे. तेव्हा कुठं कुणाला काय वाटायचं?"

तो हसला. म्हणाला, "तेव्हा तू मला विचारलं होतंस का, काय वाटतंय म्हणून?"

मी गप्प.

"गाण्याचं मला काही नव्हतं. गाणी मला आजही पाठ आहेत, तुझ्यापेक्षा जास्त. मला एवढंच वाटायचं, आपल्या शाळेला ईदची सुट्टी असायची. पण सुट्टी कशाची, ते दहा वर्षांत एकाही गुरुजीनं वर्गात सांगितलं नाही. तुमच्या सणाला गाणं, आमच्या सणाला नुसती सुट्टी."

हे वाक्य मी वर्षभर घेऊन फिरतोय.

या वर्षभरात मी शाळांत गेलो की एक प्रश्न विचारायला लागलो. शाळेत धार्मिक सणांची गाणी असावीत का? उत्तरं दोनच प्रकारची मिळाली. एक, "ही आपली संस्कृती आहे, कुणाची हरकत नाही." दुसरं, "सगळं बंद करा, शाळेत फक्त शिक्षण." दोन्ही उत्तरं देणारे लोक माझ्या ओळखीचे, भले लोक आहेत. पण मला दोन्ही पटत नाहीत. का, ते सांगतो.

पहिल्यांदा दुसरं उत्तर घेऊ. सगळं बंद करा.

आपल्या मराठीतून अभंग, ओवी, भारूड काढून टाकलं तर मागं काय राहतं? आमच्या उमापुरापासून नेवासा काही लांब नाही, शेवगाव ओलांडलं की आलंच. तिथं १२९० साली ज्ञानेश्वरी झाली असं आपण मानतो. तिच्या शेवटी जे मागणं आहे, पसायदान, ते शेकडो शाळांत रोज म्हणतात. त्यात ना पंथाचं नाव आहे, ना जातीचं. वाईट माणसाचा वाईटपणा जावो असं मागणारा मजकूर पोरांना पाठ असला तर बिघडलं कुठं? पैठण तर आणखी जवळ. तिथल्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. दोघं कडकडून भांडतात, एकमेकांच्या देवधर्माची उणी काढतात आणि शेवटी समजुतीनं भेटतात. सोळाव्या शतकात हे लिहिलं गेलं, आणि आज ते मोठ्यानं वाचायचं म्हणलं तरी लोक इकडं तिकडं बघतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. हे सगळं धर्माचं म्हणून शाळेबाहेर ठेवलं तर पोरांना मराठी तरी कुठून शिकवायची?

एका बाईंनी मला फार साधी गोष्ट सांगितली. त्या पहिली-दुसरीला शिकवतात. म्हणाल्या, "सर, ज्या पोराला वाचताना जोडाक्षर फुटत नाही, ते पोरगं गाण्यात ते बरोबर म्हणतं. मग त्याच गाण्यावर बोट ठेवून मी त्याला वाचायला लावते." ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, त्या पोरांच्या घरात पुस्तक नसतं, पण आजीच्या तोंडात ओवी असते. शाळेनं ती ओवी दारातच अडवली तर त्या पोराला शाळा परकीच वाटणार.

म्हणून बंद करा म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही.

आता पहिलं उत्तर. कुणाची हरकत नाही.

हे वाक्य मी इतक्या मुख्याध्यापकांकडून ऐकलंय की आता मी लगेच विचारतो, "तुम्ही विचारलं होतं का?" विचारलेलं नसतं. साठ पोरांच्या शाळेत तीन घरं मुसलमान, पाच-सात घरं बौद्ध. त्यांच्यातला कोण उठून म्हणणार, आमच्या पोराला बुक्का लावू नका म्हणून? उद्या त्याच गावात त्याला राशन आणायचंय, त्याच गावात ट्रॅक्टर सांगायचाय, त्याच मुकादमाकडून उचल घ्यायचीय. तो गप्प बसतो आणि आपण त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणतो.

आमच्या तालुक्यातलीच एक गोष्ट. शाळेचं नाव देत नाही. एका बौद्ध बापानं शाळेत जाऊन सांगितलं, सरस्वतीपूजनात माझ्या पोराला हात जोडायला लावू नका. गुरुजी चिडले नाहीत, उलट गोड बोलले. "अहो, विद्येची देवता आहे, तिला कसला धर्म?" बाप म्हणाला, "सर, माझ्या पोराला विद्या सावित्रीमाईमुळं मिळाली असं आमच्या घरात सांगतात. तुम्ही तिचा फोटो लावा, मी स्वतः हार आणतो." फोटो लागला. पण दुसऱ्या दिवसापासून पूजा सुरू झाली की गुरुजी सगळ्यांसमोर म्हणायचे, "तू बाहेर जा रे बाबा, तुझ्या वडिलांना चालत नाही." आठ दिवसांत पोरानंच बापाला सांगितलं, "मी हात जोडतो, तुम्ही परत शाळेत येऊ नका."

ह्याला सूट म्हणत नाहीत. ही शिक्षा झाली.

आता कायदा काय म्हणतो ते पण बघू, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच.

संविधानाचं कलम २८. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणजे आपली जिल्हा परिषदेची शाळा, तिथं धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. बघा, संमती पालकानं द्यायची असते. त्यानं हरकत घेतली नाही म्हणजे संमती दिली, असं कलमात लिहिलेलं नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी कारणं सांगितली होती. कराचा पैसा सगळ्यांचा, तो एका धर्मासाठी वापरता येणार नाही. आणि देशात धर्म इतके आहेत की शाळेनं एकाचं शिकवायचं ठरवलं तर बाकीच्यांचं काय? पण त्यांनी एक फरक पण केला होता. धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्माचा अभ्यास करणं वेगळं. २००२ साली सुप्रीम कोर्टानं पण हाच फरक धरला, धर्मांची माहिती आणि अभ्यास शाळेत असायला हरकत नाही म्हणून.

आपल्या महाराष्ट्रातलाच एक निकाल आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. त्याची वेतनश्रेणी अडवली. तो मुंबई हायकोर्टात गेला. २०१३ मध्ये कोर्टानं सांगितलं, प्रार्थनेला हात जोडायची सक्ती करता येणार नाही. आता विचार करा, तो पगारदार शिक्षक होता, वकील लावू शकला. दुसरीतलं पोरगं कुठं जाणार?

आणि १९८६ चा केरळचा निकाल. तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहायची, पण त्यांच्या पंथामुळं गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला जर गप्प उभं राहायची मुभा आहे, तर आरतीला नसावी का?

कुणी म्हणेल, हे सगळं आताचं खूळ आहे, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी काय होतं ते आपल्या मराठवाड्यालाच विचारा.

१९३८ साल. आपण निजामाच्या राज्यात. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायला लागले. सरकारनं बंदी घातली. पोरांनी ऐकलं नाही. शेकड्यांनी पोरांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना जागा दिली. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच एक. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पुढं आलेली कितीतरी माणसं या आंदोलनातून घडली. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, त्यात ह्या प्रार्थनेच्या खोलीचा पण वाटा आहे.

आणि गंमत बघा. त्याच्या एकच वर्ष आधी, १९३७ मध्ये, काँग्रेस कार्यसमितीनं ठरवलं होतं की राष्ट्रीय सभांत ह्याच गाण्याची पहिली दोन कडवी म्हणावीत, कारण पुढच्या कडव्यांतल्या देवीच्या प्रतिमा मुसलमानांना खटकतात. म्हणजे एकच गाणं. इथं निजामाचं सरकार म्हणू देत नव्हतं म्हणून पोरं शिक्षण सोडत होती, आणि तिकडं ते म्हणायची कुणावर सक्ती नको म्हणून पुढारी विचार करत होते. मला दोघांचंही पटतं. गाणं अडवणं चूक आणि गाणं लादणं पण चूक. मागच्या ऑक्टोबरात त्या गाण्याला दीडशे वर्षं होत असल्यानं राज्यातल्या शाळांना ते पूर्ण म्हणायला सांगितलं, तेव्हा पुन्हा तोच वाद टीव्हीवर रंगला. त्या वादात १९३८ ची आपली पोरं कुणाला आठवली नाहीत, ह्याचं वाईट वाटलं.

बाहेर पण हेच चाललंय. २०१९ ला उत्तर प्रदेशात पिलिभीतला एका सरकारी शाळेत इक्बालांनी लहान मुलांसाठी लिहिलेली प्रार्थना म्हणतात म्हणून मुख्याध्यापकाला निलंबित केलं. २०२२ ला काश्मीरमध्ये कुलगामच्या शाळेत गांधीजींच्या आवडीचं रामधुनीचं भजन पोरांकडून म्हणवून घेतलं म्हणून तिथं गदारोळ झाला. दोन्हीकडच्या पोस्ट माझ्या मोबाईलवर आल्या. एकाला पहिली चूक दिसते, दुसऱ्याला दुसरी. दोन्ही एकत्र बघणारा माणूस मला क्वचित भेटला.

मग करायचं काय?

मला उत्तर सापडलं ते पुस्तकात नाही, २०२३ च्या माझ्याच एका बातमीत. आठवत असेल, त्या वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. राज्यात कितीतरी गावांत मुसलमान समाजानं आपणहून ठरवलं की त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या दिवशी करू. कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. वर्तमानपत्रं कौतुकानं भरली होती, मी पण लिहिलं होतं. आता वाटतं, ते एवढं छान का वाटलं? कारण त्यांना 'नाही' म्हणता येत होतं, आणि तरी ते 'हो' म्हणाले. तेच जर कलेक्टरचा आदेश म्हणून आलं असतं तर त्यात कौतुक करण्यासारखं काय राहिलं असतं?

शाळेतल्या गाण्याला पण मी आता हेच माप लावतो. हे गाणं न म्हणता एखादं पोरगं गुपचूप उभं राहिलं, तर ते कुणाच्या डोळ्यावर येईल का? येत असेल तर ते गाणं त्या पद्धतीनं शाळेत नको.

बालभारतीच्या पुस्तकात संतांची कविता असते. ती सगळी पोरं शिकतात. मुसलमान पोरगं अर्थ लिहितं, पाचपैकी पाच मार्क घेतं. आजवर एका बापानं तक्रार केलेली मी ऐकली नाही. तीच कविता परिपाठात डोळे मिटून, हात जोडून, समोर मूर्ती ठेवून म्हणायला लावली की ती उपासना होते. शब्द तेच, पण पोराकडून मागितलेली गोष्ट बदलली. वर्गात आपण त्याला समजून घ्यायला सांगतो. मूर्तीसमोर आपण त्याला मानायला सांगतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे.

अभंग म्हणा, ओव्या म्हणा, भारूड करा, नागपंचमीची गाणी पोरींना झोक्यावर म्हणू द्या. आरती, नैवेद्य, बुक्का, हात जोडणं हे शाळेच्या वेळेत नको, त्याला देऊळ आहे, घर आहे. ईद आली की आदल्या दिवशी दहा मिनिटं सांगा, उद्या सुट्टी कशाची आहे. एखाद्या पोराच्या घरातली नात, हम्द, एखादं भीमगीत, नाताळचं गाणं पण त्याच ओट्यावरून होऊ द्या, आणि ते पण सगळ्यांनी हात जोडून नाही, नुसतं ऐकून. पोराला दिंडीत काही करायचं सोंग द्यायच्या आधी घरी विचारा, आणि ते व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. ग्रुपवर 'नाही' कोण म्हणणार? घरी जाऊन विचारा, दारात उभं राहून.

मला माहितीय, काही जण म्हणतील, "मग मदरशात भजन म्हणतात का?" नाही म्हणत. वारकरी शिक्षण संस्थेत नमाज पढत नाहीत, त्यात पण काही चूक नाही. त्या त्यांच्या त्यांच्या संस्था आहेत. जिल्हा परिषदेची शाळा मात्र ज्याचा-त्याचा हिस्सा असलेली आहे. विहीर सामाईक असली की पाळी सगळ्यांची लागते, हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको.

गुरुजी लोकांची अडचण पण मला माहितीय. पट कमी होतोय, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात येतात, वीसपेक्षा कमी पट झाला की शाळेचं काय होणार ही धास्ती आहे. खोलीला पत्रा टाकायचा, टीव्ही घ्यायचा तर लोकवर्गणी लागते. दिंडी काढली की गाव शाळेत येतं, वर्गणी देतं, पेपरात फोटो येतो. दिंडी ही शाळेची जाहिरात पण असते, ह्यात लाजायचं काही नाही. पण त्या जाहिरातीत सगळ्यात पुढं कोणतं पोरगं उभं करायचं, आणि त्याचा धर्म सांगून टाळ्या घ्यायच्या का, हे आपल्या हातात आहे. मागच्या वर्षी त्या टाळ्या मी घेतल्या. किंमत पोरीनं दिली.

गेल्या आठवड्यात त्याच शाळेच्या बाईंचा फोन आला. पोरगी आता पाचवीत आहे. बाई तिच्या घरी गेल्या होत्या. आईबापासमोर तिलाच विचारलं, यंदा गाशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, टाळ वाजव, नाही तर नुसती चाल, नाही तर घरी राहा. तिनं लगेच उत्तर दिलं नाही. बाईंना विचारलं, "फोटो काढणार हैत का?"

बाईंनी मला तेवढंच विचारायला फोन केला होता.

मी सांगितलं, मी येईन, कॅमेरा आणणार नाही. मोबाईल पण घरी ठेवीन. बातमी द्यायचीच झाली तर पावसाची देईन, पेरणीची देईन.

ती गाईल का नाही, मला अजून माहीत नाही. बाईंनी पण परत विचारलेलं नाही. २५ तारखेला अजून वेळ आहे.

तुमच्या शाळेत काय होतं, ते जरूर लिहा. पण कुणाच्याही पोराचं नाव, फोटो, शाळेचं नाव टाकू नका, मी काढून टाकीन. मला शिव्या द्यायच्या असतील तर मोकळेपणानं द्या, त्या मात्र ठेवीन.